मोठ्या इस्त्रीची सासू

त्या लाँड्रीत सगळ्यात मोठं मशीन म्हणजे मोठी इस्त्री, आणि त्या इस्त्रीला एक सासू होती.

इस्त्री म्हणजे खोलीच्या रुंदीचा एक तापलेला लोखंडी रोलर आणि त्याच्या अंगाला घट्ट टेकलेला दुसरा, गादी गुंडाळलेला. पुढच्या बाजूला दोघी उभ्या राहून ओलसर चादरीची दोन टोकं रोलरांच्या तोंडाला लावायच्या. मशीन चादर ओढून घ्यायचं, आणि मागच्या बाजूला दोघी ती कडक, वाफाळती चादर धरून घडी घालायच्या. पुढच्यांना मागच्या दिसत नसत आणि मागच्यांना पुढच्या, कारण मध्ये मशीन. रोलरांच्या तोंडासमोर, बोटांच्या उंचीवर, एक आडवी लोखंडी पट्टी टांगलेली होती. तिला जरासा धक्का लागला की मशीन जागच्या जागी बंद. बोट लागलं, बंद. जाड पलंगपोस लागला, बंद. चादरीला फुगा आला, बंद. मग रोलर मागे फिरवा, चादर सोडवा, पुन्हा सुरू करा. ऊठसूट अडवणारी आणि स्वतः इकडची काडी तिकडे न करणारी अशी ती पट्टी. बायकांनी तिचं नाव सासू ठेवलं होतं, आणि ज्यांना घरी सासू नव्हती त्यासुद्धा ते नाव चवीनं घ्यायच्या.

नवीन बाई पुढच्या बाजूला उभी राहिली की सासू मोकळी असायची. हात बसेपर्यंत तिनं शंभरदा अडवून घ्यायचं. मग एक दिवस आक्का म्हणायची, "पोरगी पक्की झाली." आक्का म्हणजे सगळ्यात जुनी, पुढच्या बाजूची राणी. तिनं असं म्हटलं की फाटक्या चादरीची एक लांब धांदोटी काढायची, सासूला मागे खेचून वरच्या दांडीला बांधून टाकायचं, आणि टाळ्या वाजवायच्या. त्या दिवशीचा चहा पक्की झालेलीकडून. पुढे ती कामावर असेल तेव्हा सासू बांधलेली. पट्टी मोकळी ठेवून काम करणं म्हणजे सायकलला मागून कुणीतरी धरलेलं असताना चालवण्यासारखं, असं तिथं सगळ्या मानत.

हे मालकानं सांगितलं नव्हतं. मुकादमानंही नव्हतं. मुकादम फक्त बांधलेल्या पट्टीकडे बघायचा आणि दिवसाला किती चादरी निघाल्या ते बघून खूश व्हायचा. ताकास तूर लागू देत नसे. उद्या काही झालंच तर तो म्हणायला मोकळा होता, की मी कुठं बांधा म्हणालो.

थोरली मागच्या बाजूला होती, पहिल्यापासून. घडी घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिच्या धाकट्या जावेला कामावर आणलं तेही तिनंच. दिराचं हातावर पोट, घरात खाणारी तोंडं वाढलेली, आणि धाकटी घरात बसून भिंतीशी भांडायला लागलेली. थोरलीनं मुकादमाकडे शब्द टाकला, सासूबाईंची समजूत घातली, आणि पहिल्या दिवशी धाकटीला हाताला धरून घेऊन आली. त्यामुळे तिचं बरं झालं तर ते धाकटीचं, आणि वाईट झालं तर ते थोरलीचं, असा हिशेब थोरलीनं स्वतःच मनाशी मांडून ठेवला होता.

मध्यंतरी सुरक्षेचं शिकवायला एक माणूस आला होता. हडकुळा, हळू बोलणारा, बगलेत तक्त्यांची गुंडाळी. त्याच्यासाठी त्या दिवशी सासू सोडवून ठेवली होती आणि धांदोटी मुकादमाच्या खिशात होती. माणूस मनापासून शिकवत होता. तो म्हणाला, धोका आणि जोखीम ह्या दोन वेगळ्या गोष्टी. रोलर हा धोका. तो कुठं जात नाही, तो तिथंच राहणार. तुम्ही त्याच्या किती जवळ जाता, किती वेळा जाता आणि मध्ये काय ठेवता, त्यावर जोखीम ठरते. धोका संपवता येत नसेल तर त्याच्या आणि माणसाच्या मध्ये काहीतरी ठेवा. मग त्यानं हुकलेल्या अपघाताचं सांगितलं. काही झालं नाही म्हणून हसून सोडून देऊ नका, तो अपघातच असतो, फक्त ह्या वेळी माणूस वाचला इतकंच. फिरत्या रोलरजवळ सैल कपडा, सैल बाही, सैल हातमोजा नको, हेही तो म्हणाला होता. शेवटी त्यानं प्रत्येकीला, आणि मुकादमालाही, एक लाल कुलूप आणि त्याची एकुलती एक किल्ली दिली. मशीनमध्ये हात घालायचा असेल तर भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढून त्याला आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःकडे ठेवायची. लावणाऱ्यानंच काढायचं. एकीपेक्षा जास्त जणींचे हात आत असतील तर प्रत्येकीचं कुलूप वेगळं. आणि काही धोक्याचं दिसलं तर कुणीही काम थांबवू शकतं. "कुणीही," तो दोनदा म्हणाला, आणि शेजारी बसलेल्या मुकादमानंही जोरात मान हलवली. मान हलवायला त्याचं काय जात होतं? असं कुणी करणार नाही, याची त्याला खात्री होती.

माणूस गेल्यावर धांदोटी मुकादमाच्या खिशातून परत दांडीवर आली. कुलपं घरोघरी गेली. कुणी सायकलला लावलं, कुणी फडताळाला. थोरलीचं कुलूप सासूबाईंनी, म्हणजे खऱ्या सासूबाईंनी, आपल्या पेटीला लावून टाकलं. लाँड्रीनं मात्र सुरक्षेचं काहीतरी केलं हे दिसावं म्हणून सगळ्यांना पांढरे सुती हातमोजे वाटले, सरसकट, पुढच्या बाजूलासुद्धा. मोजे घातलेल्या बायकांचा फोटो काढून दारात लावला. एकाच मापाचे मोजे होते आणि ते कुणालाच बसत नव्हते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत धाकटी पक्की झाली. टाळ्या वाजवणाऱ्यांत थोरली होती, आणि सगळ्यांत जोरात तीच वाजवत होती.

मग एका सकाळचा प्रसंग. थोरली मागे उभी होती. दवाखान्याच्या चादरी चालल्या होत्या, एकीमागून एक, आणि हात आपसूक काम करत होते. एक चादर आली आणि तिच्या कडेला काहीतरी चिकटलेलं आलं. पांढरं. पाच बोटांचं. कागदासारखं चपटं, इस्त्री होऊन कडक झालेलं, बोटं नीट पसरलेली.

त्यात हात आहे की नाही, हे थोरलीला कळेना. एक श्वासभर कळेना, आणि तो श्वास ती पुढे कधीच विसरणार नव्हती. मशीनच्या पलीकडून काही आवाज नव्हता. तिनं हात पुढे करून ते दाबून पाहिलं. गरम होतं, रिकामं होतं. ती मशीनला वळसा घालून धावली.

पलीकडे धाकटी उभी होती. उजवा हात काखेत दाबलेला, तोंड चुन्यासारखं, आणि हसत होती. आक्का हसत होती. सगळ्याच हसत होत्या.

"गेला बाई मोजा सासरी," आक्का म्हणाली.

"सैल होता म्हणून निसटला हात. मोज्यानं वाचवलं," दुसरी एक म्हणाली.

"मोज्यानं वाचवलं?" थोरली म्हणाली. "अगं, मोजा होता म्हणून तर ओढलं. नशिबानं सैल होता. उद्या घट्ट मिळाला तर?"

मुकादम आला. त्यानं धाकटीकडे पाहिलं, तिनं हात काखेतून काढून हवेत हलवून दाखवला, बोटं सगळी जागेवर होती. "काही झालं नाही ना? मग झालं," तो म्हणाला. तो चपटा मोजा कुणीतरी भिंतीवर टाचणीनं लावला आणि काम सुरू झालं.

थोरलीनं हात वर केला आणि दांडीवरची धांदोटी सोडली. सासू खाली आली. पहिल्याच पलंगपोसाला मशीन थांबलं. आक्कानं पट्टी पुन्हा बांधली. थोरलीनं पुन्हा सोडली. मग मात्र आक्काचा पारा चढला. तिनं दोन्ही हात थोरलीच्या नाकासमोर धरले.

"ही बघ. घे मोजून. जन्म गेला ह्या मशीनवर. कमी आहे का एखादं?"

"तुमची आहेत ती तुम्हाला लखलाभ, आक्का. म्हणून सगळ्यांची राहतील असं कुठं आहे? ज्यांची गेली त्या इथं दाखवायला थांबत नाहीत. त्या घरी बसतात."

आक्काला हे लागलं. पण त्याहून जास्त लागलं ते धाकटीला. "जाऊबाई, चारचौघींत माझी शोभा करू नका," ती म्हणाली. "मी काय कुक्कुलं बाळ आहे? तुम्ही जन्मभर मागं उभ्या राहिलात म्हणून मी पुढं उभं राहायचं नाही का?"

थोरलीला वाईट वाटलं. खूप वाटलं. पण हातातली धांदोटी तिनं परत दिली नाही. तिच्या डोक्यात एकच होतं, की दुसरी चादर येईल तेव्हा तिच्याबरोबर काय येईल. ज्या बाईनं तो मोजा दाबून पाहिला नाही तिला हे सांगून कळण्यासारखं नव्हतं.

घरी दोघी जावा एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नाहीत. सासूबाई कोपऱ्यात बसून दोघींकडे आळीपाळीनं बघत होत्या. त्यांची नजर म्हणजे चाळणी, काही सुटायचं नाही.

"धाकटे," त्या म्हणाल्या, "आज भांडी डाव्या हातानं का घासतेस?"

धाकटीनं हात मागे घेतला. सासूबाईंनी तो ओढून दिव्याखाली धरला. बोटांच्या शेंड्यांवर लालभडक चट्टे होते आणि एका नखाची कड भाजून पिवळी पडली होती. म्हणजे मोजा निसटायच्या आधी बोटं तिथं पोचली होती. हे तिनं कुणालाच दाखवलं नव्हतं.

"काय झालं हे?"

थोरलीनंच सगळं सांगितलं, पट्टीचं नाव सोडून. पण ते नाव धाकटीच्याच तोंडून निसटलं, आणि सासूबाईंनी एवढंच विचारलं, "सासू म्हणता होय तिला? आणि बांधून ठेवता? बरं आहे." त्या हसल्या की रागावल्या, हे दोघींनाही कळलं नाही. बोटांना लावायला त्यांनी काहीतरी काढून दिलं आणि त्या झोपायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत गेल्यावर बघतात तर नवलच. सासू मोकळी, नवी धांदोटी कुणी बांधलेली नाही, आणि मुकादम मशीनपाशी उभा राहून पान खाल्ल्यासारखा प्रसन्न. "हे बघा, भांडणतंटा नको," तो म्हणाला. "आजपासून पट्टी कुणी बांधायची नाही. तो शिकवणारा माणूस परत बघायला यायचाय, त्यालाही बरं वाटेल. झालं समाधान?"

सुंठेवाचून खोकला गेला, असं थोरलीला वाटलं. आणि दिवस गेला तोही कसा, लोण्यासारखा. जाड पलंगपोस गेले, मशीन थांबलं नाही. फुगे आले, थांबलं नाही. आक्का दुपारी स्वतःहून थोरलीजवळ आली. "तुझ्या बोलण्याचा धसका घेतला गं हिनं. सासू सुधारली," ती म्हणाली, आणि बायका पोट धरून हसल्या. धाकटीसुद्धा हसली. पट्टी मोकळी आहे, काही झालं तर थांबवेल, म्हणून ती नेहमीपेक्षा जास्त पुढे वाकून चादरीच्या चुण्या तळहातानं काढत होती.

घरी थोरलीनं कौतुकानं हे सांगितलं. सासूबाई ऐकत होत्या, ऐकता ऐकता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"दिवसभरात एकदाही अडवलं नाही?"

"एकदाही नाही, आई."

"काल चुणीलासुद्धा अडवत होती, आणि आज एकदाही नाही?" त्या म्हणाल्या. "अगं, सासू एका रात्रीत सुधारत नसते. मी एक अख्खा दिवस तुम्हाला काही बोलले नाही, तर तुम्ही काय कराल? सुधारली म्हणून पेढे वाटाल, की नाकाशी सूत धरून बघाल?"



दुसऱ्या दिवशी काम संपता संपता, शेवटची चादर रोलरांतून जात होती तेव्हा, थोरली पुढच्या बाजूला आली. बाकीच्या निघायच्या घाईत होत्या, धाकटी तेवढी तिथं होती. थोरलीनं एका टॉवेलची घट्ट गुंडाळी केली, बाजूला उभी राहिली, लांबूनच ती पट्टीला टेकवली आणि दाबली.

रोलर फिरत होते.

तिनं आणखी जोरात दाबली. पट्टी मागे गेली, पार मागे. रोलर फिरतच होते, निवांत, जणू कुणी काही केलंच नाही. थोरलीनं मशीन बटणानं बंद केलं. पट्टीच्या टोकाला, रोलरच्या अगदी तोंडाशी, पट्टीला धक्का लागला की मशीन थांबवणारी एक छोटी डबी होती, तिच्यातून वायर जायची. तिथं नवी काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, आणि मुकादम व्हायच्या आधी मुकादम वायरमन होता, हे लाँड्रीत सगळ्यांना माहीत होतं.

धाकटीचा चेहरा उतरला. "दोन दिवस मी हिच्या भरवशावर आत वाकत होते," ती म्हणाली. घरापर्यंत ती थोरलीच्या बरोबरीनं चालली.

त्या संध्याकाळी थोरलीनं सासूबाईंकडे कुलूप मागितलं. सासूबाईंनी पेटी उघडली, आत काय आहे ते कुणाला दिसणार नाही इतपत, आणि कुलूप तिच्या हातावर ठेवलं. "परत आणून दे," त्या म्हणाल्या, "पण घाई नाही."

सकाळी थोरली सगळ्यांच्या आधी पोचली. मशीन थंड होतं. तिनं भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला, त्याच्या भोकात कुलूप अडकवलं, दाबलं, ओढून पाहिलं. किल्ली दोरीत ओवून गळ्यात घातली. तिला भीती वाटत होती, ती नाकारण्यात काही अर्थ नव्हता. पण भीतीला तिनं एक जागा ठरवून दिली होती: आधी तो चपटा मोजा, मग ती.

बायका आल्या. मुकादम आला. खटक्याकडे बघून त्याला आधी कळेचना.

"हे काय?"

"कुलूप."

"ते दिसतंय. कुणाचं?"

"माझं. काम थांबवलंय मी. पट्टी मेलेली आहे. ती जिवंत करा, आम्ही सगळ्या मिळून ती तपासू, मग काढीन."

आक्कानं मान वळवली. "मेलेली म्हणजे?"

थोरलीनं सांगितलं, टॉवेलचं, रोलरचं, चिकटपट्टीचं. आक्का हळूहळू मुकादमाकडे वळली. आक्काची एक गोष्ट होती, तिला कुणी वेडी बनवलेलं चालत नसे.

"आम्ही बांधत होतो, ते आमच्या हातानं आणि आमच्या डोळ्यांदेखत," ती म्हणाली. "बांधलीय हे आम्हाला ठाऊक असायचं, म्हणून जपून असायचो. आणि तुम्ही ती मारून ठेवलीत, वर आम्हाला मोकळी म्हणून दाखवलीत? उद्या नवीन पोरगी उभी राहिली असती ह्या मढ्याच्या भरवशावर, आणि मी तिला सांगितलं असतं, घाबरू नको, सासू आहे."

"आक्का, तुम्ही तरी समजून घ्या. थांबत होतं सारखं. मी तुमच्या सोयीसाठीच..."

"आमची सोय आम्हाला न विचारता?"

मुकादमानं आक्काचा नाद सोडला आणि थोरलीकडे मोर्चा वळवला. "वहिनी, दुपारच्या आत दवाखान्याची गाडी येतेय. तिथं आजारी माणसं चादरीवाचून पडलीत. त्यांचा तरी विचार करा."

"करतेय की. त्यांच्या चादरी लावायला हातच लागतात. आमचे हात गेले तर आम्हीही तिथंच जाणार, त्याच चादरींवर झोपायला. तेव्हा इस्त्री कोण करणार?"

कुणीतरी खुदकन हसलं. मुकादम लाल झाला. "कामावरून काढीन."

"काढा. मी घरी जाईन, किल्ली माझ्या गळ्यात जाईल."

"कुलूप तोडीन."

"तोडा. दुसऱ्याचं कुलूप तोडणं म्हणजे त्याचा हात आत असताना मशीन सुरू करणं, असं तो माणूस म्हणाला होता. तुम्ही शेजारीच बसला होतात. मान तुम्हीच हलवली होती."

मुकादमानं एकेका बाईकडे पाहिलं. एरवी अशा वेळी सगळ्या मूग गिळून खाली बघायच्या. आज एकीनंही खाली पाहिलं नाही. धाकटी आपल्या जागेवर, पुढच्या बाजूला, हाताची घडी घालून उभी होती, आणि भाजलेली बोटं तिनं मुद्दाम वर ठेवली होती.

"बरं बाई, बरं," मुकादम शेवटी म्हणाला. "वायरच जोडायची आहे ना? किती वेळ लागतो. मीच जोडतो."

त्यानं पेचकस आणला, बाह्या दुमडल्या आणि रोलरांच्या तोंडाशी वाकला. डबी आत होती. तिथं पोचायला हात पट्टीच्या पलीकडे, दोन्ही रोलरांच्या मधल्या फटीला लागून घालावा लागत होता. मुकादमाचा हात अर्ध्यावर गेला आणि थांबला. तो मागे वळला आणि त्यानं थोरलीपुढे तळहात पसरला.

"किल्ली द्या."

"कशाला?"

"द्या हो. हात आत घालायचाय."

"मग घाला की. खटका खाली आहे, त्याला कुलूप आहे. मशीन सुरू होऊच शकत नाही."

"ते मला ठाऊक आहे," मुकादम चिडून म्हणाला. "तरी किल्ली माझ्याकडे नको का? हात माझा आहे."

तो सहज बोलून गेला होता, कुठल्याही शहाण्या माणसानं बोलावं तसं. आपण काय बोललो ते त्याला सगळ्यांत शेवटी कळलं.

"आणि दोन दिवस आत होता तो?" धाकटी म्हणाली. "तो कुणाचा होता, मुकादम?"

मुकादमाचा पसरलेला तळहात तसाच हवेत राहिला होता, तो त्यानं हळूच खाली घेतला.

थोरलीनं गळ्यातल्या दोरीला हात लावला नाही. "किल्ली मिळणार नाही," ती म्हणाली. "तुम्हालाही एक कुलूप दिलंय. ते आणा, माझ्या कुलपाच्या शेजारी लावा. तुमची किल्ली तुमच्याजवळ, माझी माझ्याजवळ. मग खुशाल हात घाला. आणि धाकटे, तुझंही उद्यापासून इथंच राहील. घरी न्यायचं नाही."

"हो, जाऊबाई," धाकटी म्हणाली.

मुकादम स्वतःचं कुलूप शोधायला गेला. ते कुठं ठेवलंय हे त्याला आठवत नसावं, कारण आतल्या खोलीतून खण ओढल्याचे आणि आपटल्याचे आवाज येत राहिले. आक्कानं एक उलटी टोपली ओढली आणि मशीनसमोर बसकण मारली. तिच्या शेजारी धाकटी बसली, मग थोरली, मग एकेक करून सगळ्या. बाहेर दवाखान्याच्या गाडीनं हॉर्न दिला, मग आणखी एकदा दिला, लांबलचक. कुणीही उठलं नाही.